आपला सामना आपणच लावू या



या सदरातून आम्ही बहुतेक वेळा शिष्यवृत्तीचे फॉर्म, वसतिगृहातील प्रवेश, जातपडताळणी अशा विषयांवर लिहितो. आज विषय खेळाचा आहे. "पोटाची मारामार असताना हे खेळाचे कसले खूळ काढलेत?" असे कुणी म्हणेल. त्यांना आमची विनंती एवढीच की, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग बोलावे.

आमच्या वस्तीतील दोन मुले एका टेनिस कोर्टावर बॉल वेचण्याचे काम करीत. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही नववीत. मुलाचे आईवडील दसरा झाला की कोयत्यावर जातात. मुलीचे वडील हमाली करतात. सायंकाळी साहेब लोक खेळायला येत. ही पोरे कडेला उभी राहून बॉल आणून देत. साहेबांचा जोडीदार आला नाही तर पोराच्या हातात जुनी रॅकेट मिळे व "मार रे चार बॉल" असे सांगण्यात येई. जोडीदार आला की रॅकेट परत! पाहून पाहून, मारून मारून दोघांचा हात चांगला बसला. पण सामना म्हणून एकही त्यांच्या वाट्यास आला नाही. शेवटी एके दिवशी पोराने आम्हाला विचारले, "काका, आम्हाला मॅच कोण लावून देणार?"

आम्ही पडलो कारकून. कारकुनाला प्रत्येक रोगावर एकच औषध माहीत, ते म्हणजे अर्ज! आम्ही सुवाच्य अक्षरात अर्ज केला. 'वस्तीतील होतकरू खेळाडूंकरिता सराव सामने आयोजित करणेबाबत.' आवक क्रमांक घेतला, पोच घेतली. एक महिना गेला. स्मरणपत्र दिले. आणखी दोन महिने गेले. दुसरे स्मरणपत्र दिले. पोरगा दर रविवारी विहारात वंदनेला येई आणि विचारी, "काका, उत्तर आलं का?" आम्ही म्हणत असू, "येईल बाळा, फाईल पुढे गेली आहे."

चौथ्या महिन्यात आमच्या मनाला टोचणी लागली. फाईल कुठे अडली हा प्रश्न दुय्यम आहे. आम्ही या लेकराला शिकवतो आहोत काय? आम्ही त्याला वाट पाहायला शिकवतो आहोत! ज्या बापाने 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे सांगितले, त्याच्या नातवंडांना आम्ही 'अर्ज करा, पोच घ्या, बसून राहा' असे सांगत होतो. चूक आमची होती, आणि ती आम्ही या पानावर कबूल करतो.

येथे एक जुना इतिहास सांगणे जरूर आहे. पळवणकर बाळू हे नाव आमच्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? चर्मकार समाजात १८७६ साली जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात नोकरीस होता. खेळपट्टी लोळवायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करवून घेई. त्यातून बाळूंचा डावखुरा हात असा तयार झाला की १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु त्या क्लबात त्यांच्या हातात फलंदाजीसाठी बॅट कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघात घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येईना. पण चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या भांड्यात बाहेर चहा दिला जाई. संघाचे कप्तानपदही त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. राजकारणात बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हेही आम्ही लपवीत नाही. पण खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्यास जे आले ते विसरून कसे चालेल?

बॉल वेचणारी आमची पोरे आणि पळवणकर बाळू यांच्यात शंभर वर्षांहून अधिक अंतर आहे. तरीही दुसऱ्याच्या सरावासाठी राबायचे आणि आपला सामना मात्र नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच!

आता दूरदेशीचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या टेनिस संघटनेच्या स्पर्धांत प्रवेश नव्हता. त्यांनी काय केले? १९१६ साली त्यांनी स्वतःची अमेरिकन टेनिस असोसिएशन स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी, १९१७ साली, बाल्टिमोर येथे आपली स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा भरवली. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार अशा साध्या लोकांनी ती चालवली. त्याच स्पर्धांतून अल्थिया गिब्सन ही न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील गरीब मुलगी पुढे आली. १९५० साली गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार तिच्यासाठी उघडावे लागले. १९५७ साली ती विम्बल्डन जिंकली आणि १९५८ साली पुन्हा जिंकली. दार उघडले त्या दिवशी ती तयार होती, कारण आपल्या लोकांनी लावलेले सामने ती आधीच खेळून आली होती. दार उघडण्याची वाट पाहत ती घरी बसली असती तर?

आर्थर अ‍ॅश याची हकीकतही अशीच. त्याचे वडील रिचमंड शहरात काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या मैदानाची देखभाल करीत. गोऱ्यांच्या बागेतील कोर्टावर त्याला मज्जाव होता. जॉन्सन नावाचे एक काळे डॉक्टर दर उन्हाळ्यात मुलांना आपल्या घरी ठेवून घेत व घरामागील कोर्टावर एकमेकांशी खेळवीत. तेथे तो घडला. १९६८ साली त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि १९७५ साली विम्बल्डन. या डॉक्टरांची एक शिकवण आम्हाला फार मोलाची वाटते. तिच्याकडे आम्ही पुढे येऊच.

काही पालक विचारतील, "रोज सराव करतोच की पोरगा, मग सामना कशाला?" बंधूंनो, सराव आणि सामना यांत फार अंतर आहे. विहिरीत कमरेला डबा बांधून हातपाय मारणे वेगळे आणि डबा सोडणे वेगळे. सरावात चुकले तर दुसरा बॉल मिळतो. सामन्यात चुकले की गुण जातो, छाती धडधडते, हात आखडतो. ही धडधड ज्याने पन्नास वेळा अनुभवली तो एक्कावन्नाव्या वेळी घाबरत नाही. आपल्या मुलांना मात्र ती वर्षातून एकदा, शालेय स्पर्धेत अनुभवास येते. ती स्पर्धा बाद पद्धतीची. हरला की पिशवी उचलून घरी! म्हणजे मुलगा वर्षभर घाम गाळतो आणि अर्ध्या तासात घरी परततो. मग आपणच म्हणतो, "आपल्या पोरांत दम नाही." दम आहे, सवय नाही.

दम नाही असे या बीड जिल्ह्याने म्हणूच नये. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे पायी शाळेत जाणारा शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तोही ५ महारमध्ये. जी महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहावी म्हणून बाबासाहेबांनी आग्रह धरला, त्याच रेजिमेंटचा हा जवान! २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण किती अंतराने हुकले? एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातील पाच भागांनी! पुढे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण आणलेच. तसेच बीडचा सचिन धस. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले असताना तो मैदानात उतरला, ९६ धावा केल्या आणि सामना फिरवला. अशा वेळी डोके थंड ठेवणे कोणत्याही पुस्तकात शिकवीत नाहीत. ते सामन्यांतूनच येते.

आता आमच्या वस्तीत पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही दोघांना बोलावून स्पष्ट सांगितले, "उत्तर येणार नाही. आपली मॅच आपणच लावायची. मी काहीही करणार नाही. तुम्ही करा, अडलं तर विचारा." मुलगी म्हणाली, "काका, कोर्ट कुठंय?" आम्ही म्हटले, "माप काढ." टेनिसच्या मैदानाची लांबी ७८ फूट आणि एकेरीसाठी रुंदी २७ फूट. वस्तीमागील मुरमाच्या मोकळ्या जागेत एवढे माप सहज बसले. दगडगोटे वेचले, पाणी मारून जागा चोपली, फक्कीच्या रेघा मारल्या. दोन बांबू रोवून दोरी बांधली आणि तिच्यावर मासे धरायचे जुने जाळे टाकले. मध्यभागी जाळ्याची उंची तीन फूट हवी, ती काठीने मोजली. एका साहेबांनी टाकून दिलेले बॉल आनंदाने दिले. चांगली माणसेही जगात असतात, त्यांचे आभार मानलेच पाहिजेत.

मग प्रश्न आला की खेळणार कोण? दोघेच रोज खेळले तर एकमेकांची खोड पाठ होते. म्हणून आम्ही त्यांना शिडीची पद्धत सांगितली. ती कोणत्याही गावी, कोणत्याही खेळात चालते, म्हणून येथे देतो.

एका पुठ्ठ्यावर सर्व खेळाडूंची नावे एकाखाली एक लिहावीत. सुरुवातीस चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा म्हणजे भांडण नाही. खालच्या खेळाडूने आपल्यावरील एका किंवा दोन पायऱ्यांवरील खेळाडूस आव्हान द्यावे. आव्हान मिळाल्यावर आठ दिवसांत सामना खेळलाच पाहिजे. नाही खेळला तर तो हरला असे धरावे. खालचा जिंकला तर दोघांच्या जागा बदलाव्यात. वेळ कमी असेल तर एकच सेट खेळावा. सहा-सहा गेम झाल्यास सात गुणांचा टायब्रेक. त्याहूनही वेळ कमी असेल तर प्रत्येक गेम तीस-तीसपासून सुरू करावा, म्हणजे प्रत्येक बॉल मोलाचा होतो व अटीतटीची सवय लागते. निकाल दोघांनी मिळून वहीत लिहावा. तारीख, नावे, गुण आणि 'मी कशाने हरलो' याची एक ओळ. हरलेल्याने ही ओळ स्वतः लिहायची. आम्ही लेखा विभागात आयुष्य काढले आहे. ज्या घरात हिशेबाची वही नाही त्या घरात पैसा कुठे गेला ते कळत नाही. तसेच ज्या खेळाडूकडे वही नाही त्याला गुण कुठे गेले ते कळत नाही.

पंच कोण? पंच नाहीच! टेनिसमध्ये पंच नसलेल्या सामन्याचा नियम फार सुंदर आहे. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे आपण स्वतः सांगायचे. आणि शंका असेल तर तो आत धरून गुण समोरच्याला द्यायचा. सर्व्हिस करणाऱ्याने दर वेळी गुण मोठ्याने सांगायचे. अर्थात न्यायाधीशही तुम्हीच आणि पक्षकारही तुम्हीच! पंचशीलातील चौथे शील आपण दर रविवारी म्हणतो, ते या रेघेवर कसोटीला लागते. वर उल्लेख केलेले डॉक्टर जॉन्सन आपल्या मुलांना सांगत की, समोरच्याचा बॉल थोडासा बाहेर गेला तरी तो आत धरून खेळा. गोऱ्यांना 'ही पोरे लबाडी करतात' असे म्हणायला जागाच ठेवू नका. यात अन्याय आहे, हे आम्ही मानतो. एकाने दुप्पट प्रामाणिक का असावे? पण त्या मुलांनी ते केले, आणि बोलणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

आमच्या पहिल्याच सामन्यात हा प्रसंग आला. चार-पाच असे गुण असताना मुलाने मारलेला बॉल रेघेवर पडला की बाहेर, यावरून कडेला बसलेली पोरे ओरडू लागली. फक्की उडालेली कुणी पाहिली, कुणी नाही. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मला नीट दिसलं नाही. गुण तुझा." ती तो सेट हरली. वहीत तिने ओळ लिहिली : 'दुसरी सर्व्हिस जाळ्यात जाते.' बॉलची तक्रार नाही, जाळ्याची नाही, पोरांच्या ओरडण्याची नाही! त्या दिवशी आम्हाला जे समाधान मिळाले ते पगारवाढीनेही मिळाले नव्हते.

महिन्याभरात शिडीवर अकरा नावे झाली. मग मुलांनी स्वतःच शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांना मोबाईलवरून निरोप धाडला की, रविवारी सकाळी सात वाजता या, चार सामने खेळू, पुढच्या रविवारी आम्ही तुमच्याकडे येतो. आमच्या काही वडीलधाऱ्यांना धास्ती वाटली. ती मुले आपल्या वस्तीत येतील का? आली तर पाणी पितील का? ती आली. खेळून घामाघूम झाली आणि सगळ्यांनी एकाच माठातले पाणी प्यायले. आम्ही माठाकडे पाहतच राहिलो. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेब ज्यासाठी गेले, त्यातला एक घोट या पोरांनी कुणाच्या भाषणाशिवाय पार पाडला! सर्वत्र असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी नकार येईल, तोही पचवावा लागेल. पण निमंत्रण आपण द्यावे. बोलावले नाही म्हणून रुसून बसण्यापेक्षा आपण यजमान व्हावे, यात मोठा मान आहे.

आता पालकांसाठी दोन शब्द. मुलींना अडवू नका. भाकरी भावालाही थापता येते. सामना सकाळी ठेवावा, दोघी-तिघींनी मिळून जावे, एखादी आई किंवा मावशी सोबत बसावी, म्हणजे घोर राहत नाही. परीक्षेच्या महिन्यात शिडी बंद ठेवावी; अभ्यासाच्या बदल्यात खेळ आम्हास मंजूर नाही. खेळातून ठरावीक पातळीपर्यंत पोहोचलेल्यांस दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हेही ध्यानात असू द्या. मात्र तेवढ्यासाठीच खेळवू नका. प्रत्येक पोर अ‍ॅश होणार नाही. पण हरल्यावर हात मिळवणे, जिंकल्यावर न माजणे आणि आपले काम आपण उभे करणे एवढे जरी तो शिकला तरी जन्माला पुरते.

टेनिस नसेल तर कबड्डी घ्या, खो-खो घ्या, कॅरम घ्या, बुद्धिबळ घ्या. परळीचा असो वा गेवराईचा, अंबाजोगाईचा असो वा पाटोद्याचा, आमच्या वस्तीतील मुलामुलींनी एवढेच करावे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर पुठ्ठा मांडावा आणि नावे लिहावीत. मोठ्यांनी मैदानाबाहेर बसावे. आमच्यासारख्या कारकुनांनी तर तोंड मिटूनच बसावे!

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. ज्या पोराने 'मॅच कोण लावून देणार' असे विचारले, तो यंदा वस्तीत नाही. दर वर्षी तो आजीजवळ राही. यंदा आजी अंथरुणाला खिळली, तिला लेकीकडे नेले, आणि उचल घेतलेल्या आईवडिलांसोबत पोरगाही फडावर गेला. नववी पास झालेला, हाताला टेनिसचा घट्टा पडलेला पोरगा आज कुठल्या तरी शिवारात मोळ्या बांधतो आहे. शाळा सुटू नये म्हणून आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो आहोत, त्याच्याशीही फोनवर बोलतो. हे दुखणे एका शिडीने बरे होणारे नाही. त्याची लढाई वेगळी आहे, आणि ती आपण लढतच आहोत.

तो गेला तेव्हा शिडीवर दुसऱ्या क्रमांकावर होता. नियमाप्रमाणे आठ दिवसांत सामना न खेळणारा हरला असे धरायचे. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाने आव्हान दिले नाही. मुलांची बैठक बसली. आम्हाला कुणी बोलावले नाही, आम्ही गेलोही नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या खाली त्या मुलीच्या अक्षरात एक नवा नियम लिहिलेला दिसला : 'कोयत्यावर गेलेल्याची जागा तो परत येईपर्यंत राखून ठेवली जाईल.'

कारखान्याचा पट्टा पडला की तो येईल. त्याची रॅकेट आमच्याकडे आहे. सामना मात्र त्याचा त्यानेच लावायचा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!